म्हात्र्यांवर घेतलेला आळ

हे सांगायला अजूनही जीभ रेटत नाही. हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. हसालच म्हणा, मला माहीत आहे.

वाशी तेव्हा नवी होती. आमच्या सोसायटीत गाडी एकच, माझी, तीही सेकंडहँड. पण रुबाब बघा! शेजारच्या जोशीकाकूंच्या मेधाचा बारावीचा पेपर चेंबूरला आहे, हे कळल्यावर मी छाती काढून म्हणालो, "बसच्या नादाला लागू नका. मी सोडतो की."

सकाळी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. दिवा नाही, हॉर्न नाही.

"काका, मी बस पकडू का?" मेधा म्हणाली.

"बस कशाला? दोन मिनिटं थांब."

त्या दोन मिनिटांत मी सगळे फ्यूज काढले, फुंकले, परत बसवले. तेवढ्यात बस गेली. पुढची तासाने. मेधा रडवेली झाली. आणि मी? मी दोष द्यायला माणूस शोधायला लागलो.

सापडला. कोपऱ्यावर गाड्यांचं वायरिंग करणारे म्हात्रे. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच मला नवी बॅटरी बसवून दिली होती. त्यांना टपरीतून बोलावून आणलं आणि अख्ख्या सोसायटीसमोर सुनावलं, "नवी म्हणून जुनी बॅटरी गळ्यात मारलीत. पोरीचं वर्ष गेलं तर जबाबदार कोण?"

म्हात्रे बॉनेट उघडून वाकले.

"सायेब, टर्मिनलला ह्ये काय लावलंय?"

"वार्निश. गंज चढू नये म्हणून कालच वायरच्या पट्ट्या काढून लावलं. आमच्या कारखान्याचं आहे, साधंसुधं नाही."

"मंग करंट जानार कुठून?"

आता ऐका. तुर्भ्याचा आमचा कारखाना बनवतो काय, तर करंट अडवणारं वार्निश. आणि मी तिथे बारा वर्षं सुपरवायझर! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

म्हात्र्यांनी पट्ट्या सोडवल्या, पॉलिश पेपरने टर्मिनल घासले, किल्ली फिरवली. गाडी सुरू. मी स्टिअरिंगकडे वळलो, तर काकू म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या हो. म्हात्रे, तुम्हीच सोडा हिला."

माझ्याच गाडीतून ते गेले आणि मी गेटवर उभा.

मेधा पेपरला वेळेत पोहोचली. दुपारी म्हात्रे किल्ली द्यायला आले. मी कसंबसं "चुकलं माझं" म्हणालो. "ऱ्हाऊ द्या सायेब," एवढंच बोलून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निकाल लागला. मेधा पास. काकू पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आल्या, तसा मी हसत हात पुढे केला.

"तुम्हाला नंतर देते हो," काकू म्हणाल्या. "आधी म्हात्र्यांकडे जायचंय, टपरी आज बंद आहे. पावणे गावात त्यांचं घर नक्की कुठे आहे?"

हात मागे घेतला आणि सांगितलं. अगदी खाणाखुणांसकट.