पाटावरची सवाष्ण

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसवताना माझं मन देवीपाशी नव्हतंच, हे आधीच सांगून टाकते. थोड्याच दिवसांपूर्वी वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या छातीचे फोटो बघून सांगितलं होतं की कॅन्सर परत आलाय, या वेळी फुफ्फुसात. सगळं ठीक चाललं होतं हो! पहिल्या उपचारात गेलेले केस पुन्हा खांद्याखाली आले होते, त्या पूर्वीसारख्या मला कामावरून रागावायलाही लागल्या होत्या. आर्वीला परतताना एसटीत मी दगडासारखी बसले होते आणि आजारी बाई मलाच पाण्याची बाटली पुढे करत होती.

आजार मुळासकट जाणार नाही, पण सलाईनमधून पुन्हा औषध घेतलं तर थोपवून धरता येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. केस परत जातील, हेही सांगितलं होतं. घ्यायचं नसेल तर त्रास कमी करण्याचं औषध देऊच, सण आटोपून विचार करून सांगा. जाऊबाईंनी विचार केलाच नाही. "मले नाई घ्याचं ते औषध," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या भासऱ्यांनी, समजावलं, सासूबाई रडल्या, मी तर चक्क भांडले. काऊन नाही, ते मात्र त्या सांगेनात. पहिल्या वेळचा त्रास आठवून भितात, असं आम्ही धरून चाललो. रात्रंदिवस मला एकच दिसत होतं, की ही बाई आता हातची जाणार. देवीचे मुखवटे पुसताना मी मनातल्या मनात तिलाही सोडलं नाही. इतकी वर्षं तुझा स्वयंपाक जिनं केला, तिला तू हे दिलंस?

जेवणाच्या दिवशी आमची ठरलेली सवाष्ण तापानं पडली. गल्लीत घरोघरी महालक्ष्म्या, मोकळी बाई मिळणार कुठून? पुरणाचा नैवेद्य निवत चालला, सासूबाईंची आत-बाहेर सुरू झाली. घराला लागूनच आमचं बियाण्याचं दुकान आहे. तिथे मी डोकावले, तर पायरीवर एक अनोळखी बाई डोक्यावरून पदर गच्च घेऊन माझ्या नवऱ्याला मावशीच्या घराचा पत्ता विचारत होती. नाचणगावहून आली होती. मी सरळ विचारलं, "नवरा आहे ना तुमचा?"

"हाव, आहे. पण बाई, मी..."

"पण-बिण काही नाई. देवी खोळंबली आहे." हाताला धरून मी तिला आत आणलंच.

जाऊबाईंनी तिचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. मग वेणी माळायला म्हणून तिचा पदर जरा मागे सारला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. केसच नव्हते. नुसतं डोकं आणि त्यावर बाळाच्या जावळासारखी लव. सासूबाईंच्या तोंडून "अगं आई!" निघालं. माझ्या हातातलं आंबिलीचं पातेलं कलंडलं.

ती बाई मान खाली घालून म्हणाली, "म्हणूनच मी 'पण' म्हणून राह्यली होती. कॅन्सर हाय मले, दुसऱ्या खेपेचं औषध सुरू हाय. मी उठू काय?"

"उठायचं नाई," जाऊबाई म्हणाल्या. इतक्या जोरात, की सगळे दचकले. त्यांनी पदर पुन्हा तिच्या डोक्यावर नीट घेतला, स्वतःच्या बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि वेणी त्या पदराला टाचली. मग तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दवाखान्यात ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या तिथे हमसून हमसून रडल्या.

पाहुणी पोटभर जेवली, पोळीवर तूप मागून घेतलं. औषध घ्या की नका घेऊ, याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. जाऊबाईंनीही एकच विचारलं, "या डोक्यानं तुम्हाले सवाष्ण म्हणून कोणी बोलावते?"

"आजच बोलावलं," ती म्हणाली आणि हसली.

संध्याकाळी भांडी विसळताना जाऊबाई माझ्याकडे न बघता बोलल्या. "मागच्या खेपेस एका घरी मले पाटावरून उठवलं होतं. बोडक्या डोक्याची सवाष्ण चालत नाई म्हणे. तुम्हाले कोणालेच सांगतलं नाई मी. मरणाले नाई भेत मी, बाई. परत पाटावरून उठवतील, त्याले भेते." एकाच चुलीवर आम्ही दोघी स्वयंपाक करतो आणि मला हे माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात जाऊबाई स्वतःच बोलल्या. नाही झेपलं तर मध्येच थांबवता येतं का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणाल तेव्हा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग जाऊबाईंनी औषधाला होकार दिला.

प्रत्यक्ष देवी जेवून गेली, असं मी म्हणणार नाही. नाचणगावची एक बाई होती, घाईत मी तिचं नावही विचारलं नाही. पण जी एक गोष्ट आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हती, नेमकी तीच घेऊन ती आमच्या पायरीवर कशी उभी राहिली, याचा धक्का अजून ओसरत नाही. आजार आहेच. पुढचे फोटो काय सांगतील, कोण जाणे. मी मात्र देवीला आता हे कर, ते कर असं सांगत नाही. तिला आमच्या घरचं माझ्याहून जास्त कळतं, एवढं मला पुरतं. हात जोडते आणि कामाला लागते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊबाई शेजारी गेल्या, केस पुरते गेलेले, डोक्यावर नुसता पदर. मी बरोबर होते. शेजारीणबाईंनी कुंकू लावलं, वाण दिलं, गजरा उचलला आणि त्यांचा हात अडखळला. जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी बांगडीतली पिन काढून पुढे केली.

"पदराले लावा," त्या म्हणाल्या.