पांढरकवडा ते उमरखेड: मायच्या पोटासाठी केलेला प्रवास

नातीने हा ब्लॉग काढून दिला तेव्हा बजावलं होतं, "आबा, प्रवासाचं लिहा, पोटाचं नको." पण सांगण्याजोगा प्रवास मी एकच केला आणि तो पोटासाठीच केला. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं.

१९६४ सालची दिवाळीची सुट्टी. पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात मी मास्तर होतो. मायला चार-चार दिवस शौचाला होत नसे. एरंडेल दिलं, सोनामुखीचा काढा दिला. एक दिवस पोट धुऊन निघायचं आणि मग पुन्हा तेच. तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं तेव्हा मात्र मी घाबरलो. उमरखेडला एक जाणते वैद्य आहेत असं कळलं आणि आम्ही निघालो.

सकाळची एसटी. यवतमाळपर्यंत रस्ता बरा, पुढे दारव्हा-दिग्रसकडे खड्डे आणि कापसाने भरलेल्या बैलबंड्या. यवतमाळच्या स्टँडवर मी भजी खाल्ली, चहा घेतला. मायने कशालाच हात लावला नाही.

"माय, पाणी तरी पी."

"नाही रे बापू, मले तहान नाही."

"अशानंच पोट धरते तुह्यं! किती डाव सांगू?"

चार लोकांत मी तिला असं झापलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून खिडकीबाहेर बघत राहिली. माझा तो आवाज आठवला की आजही लाज वाटते.

पुसद सोडल्यावर दिवस मावळताना गाडी बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, आता उद्या दुपारीच दुसरी गाडी. रस्त्यालगत बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथल्या एका म्हातारीने आम्हाला घरी नेलं. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. गरम ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. त्या भागात गेलात तर ही चटणी चुकवू नका.

पहाटे याडी मायला हाताला धरून नाल्यापल्याड घेऊन गेली. बऱ्याच वेळाने दोघी परतल्या त्या हसत. मायचा चेहरा इतका हलका झालेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. ती दोन पेले पाणी प्यायली आणि अख्खी भाकर खाल्ली.

मी लगेच वही काढली. "याडी, काय औषध दिलं?"

"कायचं औषध? उठल्याबरोबर गरम पानी पाजलं. हिरवी भाजी खाय, जवस खाय, जाम (पेरू) बियांसकट खाय. दोन्ही पायांवर नीट बसाचं, जोर नाही कराचा, घाई नाही कराची. लिहून घेतलं?"

"घेतलं."

"आता हे बी लिही. नाल्यापल्याडची बाजू आमच्या बायांची हाय. दिस वर येत नाही तवरोक मरद तिकडं फिरकत नाही. तुह्या गावात बायांच्या वाटंवरच्या पुलावर पहाटेपासून मानसं बसते म्हने, दात घासत, गप्पा हानत. तू बी बसतं मास्तर. तुही माय तुमाले पाहून माघारी फिरते. दिसभर पानी नाही पेत, जाची पाळी येऊ नये म्हनून."

मी वही मिटली. पहाटे पुलावर बसणं हा आमच्या गावात पुरुषांचा मान होता, आणि मास्तर म्हणून मला मधली जागा होती. लोटा घेऊन माघारी फिरणाऱ्या बाया मी रोज पाहत होतो. अंधारात त्यांत माय असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

उमरखेडच्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि याडीचंच सांगितलं, शिवाय एक चूर्ण दिलं. आलेला वेग अडवू नका, असं ते दोनदा म्हणाले. मी मान डोलावली. परतीच्या वाटेवर मी दोनदा गाडी थांबवायला लावली. कंडक्टर कुरकुरला, कुरकुरू दिलं. तुम्हीही घरच्या बायकांना घेऊन निघालात तर तेवढं करा. दिग्रसला मायने चक्क चहा घेतला.

गाव जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "बापू, तू बोलशीन का त्याईले?"

"बोलीन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अंधारातच पुलावर गेलो. पाच जण होते. त्यांनी सरकून मला मधली जागा केली.

"या मास्तर! काय म्हनलं वैदानं?"

सगळं तोंडाशी आलं होतं. सोप्पं होतं हो, 'इथून उठा' एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तर बायकांच्या परसाकडची भाषा करतो म्हणून हे हसतील, असं वाटलं.

"गरम पाणी आणि पालेभाजी," मी म्हणालो. शाळेचं काम आहे सांगून निघालो आणि पुन्हा त्या पुलावर बसलो नाही. आपलं प्रायश्चित्त झालं, असं मला वाटलं. पूल भरलेलाच राहिला.

घरी आलो तर माय चुलीवर पाणी तापवत होती. "बोलला?"

"बोललो."

तिने ते गरम पाणी पेलाभर घेतलं, लोटा भरला आणि पुलाच्या दिशेने भरभर गेली. जरा वेळाने परत आली. लोटा तसाच भरलेला होता. तो तिने कोपऱ्यात ठेवला आणि पीठ मळायला बसली. त्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही तिने मला त्याबद्दल काही विचारलं नाही.