भोंग्यावर न येणारा आवाज

"मॅडम, पेटी येते, ढोलक येते, कोरस येते. आईचा आवाजच नाही येऊन राहिला."

फोन उमरेडहून होता. बोलत होती रंजना, तिथल्या एका महिला मंडळाची सचिव. आई म्हणजे तिच्या सासूबाई, सुमनबाई. वय अडुसष्ट, मंडळाच्या मुख्य गायिका. गाणी त्यांनीच रचलेली, चालीही त्यांच्याच. त्यांच्या सहा गाण्यांचं रेकॉर्डिंग दीड महिन्यापूर्वी शहरात, जरीपटका भागातल्या माझ्या स्टुडिओत झालं होतं.

"मोबाइलवर कसं येतं?" मी विचारलं.

"हेडफोनवर त बढिया येते. भोंग्यावर लावलं का गायब. माइकवाल्यानं दोनदा वायर बदलली. तो म्हणते, गाणंच खराब भरलं तुमच्या मॅडमनं."

पौर्णिमा चार दिवसांवर होती. दर पौर्णिमेला सुमनबाई गावातल्या बुद्धविहारात गात. या वेळी त्यांच्याऐवजी रेकॉर्डिंग वाजणार होतं, कारण त्यांच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला मनाई केली होती. गाण्याचा आवाज पूर्वीसारखा येईल, अशी खात्री त्यांनी दिली नव्हती. ऑपरेशनआधी रेकॉर्डिंग उरकलं होतं ते त्यासाठीच.

मी त्या गाण्यांची मास्टर फाइल लावली. स्टुडिओच्या दोन स्पीकरांवर सगळं ठीक होतं. मग मोनो बटण दाबलं. या बटणाने डावी आणि उजवी बाजू एकत्र होऊन एकच आवाज ऐकू येतो. भोंगा नेमकं हेच करतो. त्याला डावं-उजवं नसतं.

सुमनबाईंचा आवाज नाहीसा झाला. मागे थोडीशी गुंज उरली, विहिरीतून यावी तशी.

चूक माझी होती. ती कशी झाली हे समजण्यासाठी थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. मी कॉम्प्युटरऐवजी मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर काम करते. हा एक चपटा डबा असतो. त्यावर सोळा सरकत्या पट्ट्या असतात. एका पट्टीवर गायिका, एकीवर पेटी, दोन पट्ट्यांवर ढोलक, असा प्रत्येक आवाज वेगळा भरला जातो. त्यांचं प्रमाण जुळवणं म्हणजे मिक्सिंग. तयार मिश्रणाला शेवटचा हात देऊन ते सगळीकडे नीट वाजेल असं करणं म्हणजे मास्टरिंग. सगळीकडे, हा शब्द महत्त्वाचा.

रेकॉर्डिंगच्या वेळी सुमनबाईंचा गळा आधीच थकलेला होता. आवाज बारीक येत होता. तो भरीव वाटावा म्हणून मी त्याची एक प्रत काढली. मूळ आवाज डावीकडे ठेवला, प्रत उजवीकडे, आणि प्रतीची फेज उलटवली. फेज उलटवणं म्हणजे ध्वनिलहरीचे उंचवटे खाली आणि खळगे वर करणं. हेडफोनवर असा आवाज डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, मोठा ऐकू येतो. पण दोन्ही बाजू एकत्र केल्या की उंचवटा खळग्यात जातो आणि शिल्लक शून्य राहते. हे मला माहीत होतं. हल्ली सगळे मोबाइलला हेडफोन लावूनच ऐकतात, असं धरून मी पुढे गेले.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. मंडळाने गाणी ऐकून होकार दिला, त्यानंतर पंधरा दिवसांनी मी रेकॉर्डरचं मेमरी कार्ड रिकामं केलं. सुटे आवाज पुसले गेले होते. उरली होती फक्त मिसळलेली मास्टर.

रंजनाला परत फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमीच मिटवला," ती म्हणाली.

"हो."

"आणि आता आई गाऊ शकत नाही."

"हो. मला एक दिवस द्या."

"एक दिवसात काय होते? आईले काय सांगू मी? ते रोज इशाऱ्यानं विचारून राहिली, भोंग्यावर लावलं का म्हणून."

"अजून काही सांगू नका."

"तिले नाही सांगितलं तरी समजते, मॅडम."

दुपारभर मास्टर ऐकली. उपाय शेवटी साधाच निघाला. आवाज नाहीसा होत होता दोन बाजू एकत्र आल्यावर. मग एक बाजू घ्यायचीच नाही. मास्टर परत रेकॉर्डरमध्ये घेतली, डावी एका पट्टीवर, उजवी दुसऱ्या पट्टीवर. उजवी बंद केली. डाव्या पट्टीवर सुमनबाई पूर्ण होत्या. कोरस मधोमध ठेवला होता, म्हणून तोही होता. ढोलक होती. पेटी मात्र मी मिक्सिंगमध्ये उजवीकडे सरकवली होती. डावीकडे ती शेजारच्या घरात कोणी वाजवावी इतकीच उरली होती.

पेटी पुन्हा भरायची होती. मंडळाचे पेटीवाले गजभियेकाका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आले, मांडीवर पेटी घेऊन.

"मॅडम, हे काय लफडं केलं?" त्यांनी आत येताच विचारलं.

"चूक झाली, काका."

"होते. मी बी एकडाव बस उमरेडच्या जागी भिवापूरले नेली होती. पण पॅसेंजर त वापस आणले."

पहिला प्रयत्न फसला. सुमनबाई कधी घड्याळासारख्या काटेकोर ठेक्यावर गात नसत. अंतऱ्याआधी थांबत, कधी कमी, कधी जास्त. हेडफोनमधून त्यांचा आवाज येऊन काकांची बोटं पडेपर्यंत उशीर होत होता. पेटी सतत अर्धं पाऊल मागे राहिली. दुसरा प्रयत्न तसाच गेला.

काकांनी हेडफोन काढला. "तीस वर्षं तिच्यासंग वाजवलं, पण ऐकून नाही वाजवलं."

"मग?"

"पाहून वाजवलं. सूर उचलायच्या आधी तिचा खांदा वर होते. खांदा दिसला का माझा भाता चालू. तुमच्या मशीनमंधी खांदा कुठी हाय?"

खांदा नव्हता. पण श्वास होता. गायकाचा श्वास ऐकू येऊ नये म्हणून आम्ही तो मिक्सिंगमध्ये कमी करतो. या गाण्यांतही मी तो दाबला होता, पण पुसला नव्हता. मी काकांच्या हेडफोनसाठी वेगळं मिश्रण केलं. खालचे सूर कापून ढोलक जवळजवळ दाबून टाकली, आवाजाचा वरचा भाग इतका वाढवला की प्रत्येक श्वास सुस्काऱ्यासारखा ऐकू यावा. ऐकायला ते वाईट होतं.

काकांनी पहिली ओळ ऐकली आणि मान हलवली. "हं. आता दिसली."

सहा गाण्यांची पेटी तीन तासांत झाली. चौथ्या गाण्यात त्यांनी मध्येच हात थांबवला. "इथं थकली होती बाई. मी तवा लक्षच नाही देलं." मग तेवढा तुकडा पुन्हा वाजवला, स्वर जरा जास्त धरून, म्हणजे तिथली पोकळी उघडी पडू नये.

मास्टरिंग मी या वेळी भोंगा डोळ्यांपुढे ठेवून केलं. भोंग्यातून खर्ज येत नाही, म्हणून ढोलकीचा खालचा भाग कमी केला आणि शब्दांचा भाग पुढे आणला. पुढच्या दिवशी रेकॉर्डर पिशवीत घालून बसने उमरेडला गेले. पौर्णिमेला दोन दिवस होते.

विहाराच्या पायरीवर सुमनबाई बसल्या होत्या. गळ्याला रुमाल, हातात नातवाची पाटी. त्यांनी मला हाताने बसायला सांगितलं. रागावल्या आहेत की नाही ते कळलं नाही. माइकवाल्याने वायर जोडली आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पहिलं गाणं सोडलं.

आवाज आला. पलीकडच्या गल्लीतून दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. रंजना पदराचं टोक हातात धरून उभी होती. सुमनबाई खाली पाहून ऐकत होत्या. तिसऱ्या गाण्याला त्यांनी पाटी घेतली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

"पेटी जास्त."

माझ्या शेजारी उभे असलेले गजभियेकाका वाकून वाचू लागले. "पाहा. तोंड बंद आहे तरी मले दाबून राहिली."

पेटी या वेळी स्वतंत्र पट्टीवर होती. मी ती थोडी खाली घेतली. सुमनबाईंनी बोटाने अजून, असं सांगितलं. अजून घेतली. त्यांनी पाटी पुसली आणि कडेला ठेवली. काम झालं होतं.

पौर्णिमेला मी गेले नाही. रंजनाने सांगितलं की गाणी वाजली, कोरसच्या जागी बायकांनी भोंग्याबरोबर स्वतःच आवाज दिला. सुमनबाई पुढच्या रांगेत बसून हाताने ताल देत होत्या. महिन्याने त्या बोलू लागल्या. गातात, पण खालच्या पट्टीत आणि दोन-तीन ओळींपुरतं.

स्टुडिओत दोन गोष्टी बदलल्या. सुटे आवाज आता वर्षभर पुसले जात नाहीत. आणि नवीन काम आलं की पहिला प्रश्न मी गाण्याबद्दल विचारत नाही. हे वाजणार कुठे आहे, ते विचारते.