लाटेच्या आतला फोटो

टिश्यू पेपर गुलाबी झाला होता. मी बाथरूममध्ये टबासमोर उकिडवी बसले होते आणि डोकं सणकलं होतं.

काय चाललं होतं ते आधी सांगते. समुद्रात उतरून सर्फिंगचे फोटो काढायचे तर कॅमेरा हाऊसिंगमध्ये ठेवतात. हाऊसिंग म्हणजे कॅमेऱ्याच्या मापाचा कडक डबा. पुढे काच, बाहेरून दाबायची बटणं. झाकण आणि डबा यांच्यामध्ये रबराची रिंग बसते, कुकरच्या रिंगसारखीच. तिला ओ-रिंग म्हणतात. सगळी मदार तिच्यावर. तिच्याखाली केस जरी अडकला तरी पाणी आत. म्हणून आधी कॅमेरा न घालता, आत टिश्यू ठेवून डबा बुडवून बघायचा. टिश्यू कोरडा निघाला तर डबा पास.

माझा ओला निघाला. शिवाय गुलाबी.

"आई, हाऊसिंगला आतून कुंकू कोणी लावलं?"

"मीच," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा केली ना! तुझे कॅमेरे, तुझ्या नवऱ्याचं ड्रिल मशीन, सगळं."

"अहो, पण आतून?"

"बाहेरून लावलं तर समुद्रात धुऊन जाईल. तू एवढी खोल पाण्यात जाणार. आत राहिलेलं बरं."

कपाळ माझं! माणूस मायेनं करतो आणि आपला बँड वाजतो.

नाशिकमध्ये मी लग्नं शूट करते. हळद, सप्तपदी, द्राक्षबागेतलं प्री-वेडिंग. काम वाईट नाही. पण मला लाटेच्या आतून फोटो काढायचा होता. लाट वळते तेव्हा तिच्या पोटात क्षणभर हिरवा उजेड असतो आणि त्यातून सर्फर येतो. असे फोटो बघून बघून मी पार वेडी झाले होते. महापालिकेच्या स्विमिंग टँकमध्ये डबा घेऊन सराव करायचे. लाइफगार्ड विचारायचा, "मॅडम, टिफिन पण पाण्यातच खाता का?" हसायचे मी. समुद्र दीडशे किलोमीटर लांब आणि मनात मात्र रोज भरती, असं चाललं होतं. शेवटी रत्नागिरीच्या बाजूच्या एका सर्फिंग स्कूलचं काम मिळालं. शूट शनिवारी सकाळी, आणि हे कुंकू प्रकरण गुरुवारी.

कुंकू ओ-रिंगखाली गेलं होतं; ते साफ करायला रिंग काढावी लागते, तीही बोटांनी. मी रागाच्या भरात टाचणी घातली. रिंगला बारीक चीर गेली. जास्तीची रिंग नव्हती आणि कंपनीची यायला आठवडा लागला असता.

अंबड एमआयडीसीत रबरी सीलचं दुकान आहे. तिथल्या काकांनी माझी रिंग उजेडात धरली.

"कशाला लावायची? पंपाला?"

"कॅमेऱ्याला. समुद्रात जायचंय."

"नाशकातून? लय लांब हाय की, ताई!" त्यांनी ड्रॉवर उपसले. "ही बघा. अगदी तीच नाय. केसभर जाड हाय."

घेतली. खोबणीतलं कुंकू कापसानं काढलं, रिंगला ग्रीस लावलं. झाकण जोर लावून बसलं. रात्रभर टबात ठेवलं. सकाळी टिश्यू खडखडीत कोरडा. मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "बघ, कुंकवाचा गुण!"

शनिवारी स्कूलचा मालक केतन किनाऱ्यावर उभा होता. "मॅडम, पाण्यात खरंच उतरताय?"

"त्यासाठीच तर आलेय."

डब्याच्या काचेला थुंकी लावली. हसू नका, थुंकीमुळे काचेवर पाण्याचे थेंब साचत नाहीत. पायात पोहायचे रबरी फिन्स, डोक्याला हेल्मेट, डबा पट्ट्यानं मनगटाला. पहिली लाट डोक्यावरून गेली. दुसरी वळायला लागली आणि मी डबा वर धरला. आत हिरवा उजेड होता. अगदी तसाच! मी तीन फोटो काढले.

आणि बीप वाजला.

हाऊसिंगच्या आत ओल आली की अलार्म वाजतो. टबातलं पाणी सगळीकडून सारखं आणि शांतपणे दाबतं. लाट एका बाजूनं थप्पड मारते. जाड रिंगमुळे झाकण एका कोपऱ्यात पुरतं बसलंच नव्हतं, तिथून पाणी शिरलं. अजून एक लाट, फक्त एक, असं मन ओरडत होतं. पण कॅमेरा गेला असता तर पुढची सगळी लग्नं बोंबलली असती. आत शिरलेलं पाणी कॅमेऱ्याला लागू नये म्हणून डबा उलटा धरून किनारा गाठला. कॅमेरा वाचला. मग लांबचं टिपणारी टेलीलेन्स लावली आणि दिवसभर वाळूत उभी राहून फोटो काढले. समोर एकाहून एक लाटा येत होत्या आणि मी कोरडी. इतकं वाईट वाटलं ना!

संध्याकाळी केतननं लॅपटॉपवर किनाऱ्यावरचे फोटो पाहिले. "एक नंबर, मॅडम!" मग पाण्यातले तीन. दोन नुसता फेस. तिसरा हिरवा.

"छान आहे," तो म्हणाला, "पण ह्यात आमचा सर्फर कुठेय? पुढच्या वेळी पाण्यात नका जाऊ. वाळूतून इतकं भारी येतं."

त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

रविवारी ट्रेन दुपारची होती. सकाळी कॅमेरा खोलीवर ठेवून मी रिकाम्या हातांनी पाण्यात गेले. लाटा कालच्यापेक्षा चांगल्या होत्या. एक डोक्यावर वळली आणि मी त्या उजेडात होते. बाहेर आले तेव्हा रडत होते. खारं पाणी, कुणाला कळतंय!

फोटो क्लायंटला हवा असतो. पाण्यात आपल्याला जायचं असतं. दोन्ही एकाच कामात बसवायला जाऊ नये, एवढं मी शिकले.

ट्रेनमधून केतनला मेसेज केला: "पुढच्या सीझनला वाळूतूनच काढते. पण दोन दिवस आधी येईन. ते दिवस माझे."