चाक खोलायचा पाना

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळ. जागा जंगलाच्या फाटकाशी असलेल्या मोहर्लीतलं आमचं गॅरेज, म्हणजे घरापुढची टिनाची शेड. हजर: मी, सामान सांभाळणारी, माझा नवरा, मेकॅनिक, धाकटी जाऊ, नुकतीच सफारीची गाडी चालवायला शिकलेली, आणि शेजारचे एक ड्रायव्हर भाऊ, चहाच्या वासानं आलेले. गैरहजर: माझे दीर, म्हणजे जावेचा नवरा. ते गावी धानाकडे बघायला गेले होते.

काम एकच होतं. जावेला सफारीच्या गाडीवर लागायचं होतं. गाडीमालकानं तिचं चालवणं पाहिलं होतं आणि त्यात त्याला काही खोट सापडली नव्हती. त्याची अट एवढीच, की चारही चाकं तिनं कुणाचा हात न लागता खोलून परत बसवून दाखवायची. जंगलात टायर बसला की पर्यटक गाडीतच राहतात, खाली उतरतो तो ड्रायव्हर, आणि तेवढा वेळ गाईड चौफेर बघत उभा असतो. तिथे पाना नटावरून घसरून चालत नाही. मालक दुपारी बघायला येणार होता, आणि ज्या गाडीवर दाखवायचं ती त्यानं सरावासाठी आधीच शेडमध्ये आणून ठेवली होती.

आमच्याकडे चाकाचे पाने तीन. एक आरशासारखा चकचकीत, एक काळा, आणि एक राखी, मंद चमकीचा. तिच्या पिशवीत कुठला द्यायचा हे मला ठरवायचं होतं, आणि मी अशी गोष्ट अंदाजानं ठरवत नाही.

पहिली परीक्षा आदल्या दिवशीच होऊन गेली होती, आमच्या नकळत. दसऱ्याला आम्ही सगळी हत्यारं पाण्यानं धुतो, ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावतो, झेंडू वाहतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाही. तेलाचा बोळा फिरवायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण पूजेच्या हत्याराला तेलकट हात नको. सकाळी मी फडक्यानं कुंकू पुसलं. चकचकीत आणि राखी पाने स्वच्छ निघाले. काळ्यावरचं कुंकू पुसलं तरी खाली तांबूस ठिपके राहिले. तो गंज होता.

"काळा बाद," मी म्हटलं.

"बाद काऊन?" नवरा म्हणाला. "तेल लावलं की झालं."

दुसरी परीक्षा मी शेडमागे घेतली. कुंपणाशी सागाचा पाचोळा साचला होता. त्यात तिन्ही पाने टाकून आठ-दहा पावलांवर उभी राहिले. चकचकीत तिथूनच दिसला, राखी थोडं वाकल्यावर दिसला, काळा मात्र पायानं चाचपून शोधावा लागला. जंगलात असं शोधत बसायला कोण देणार?

"चमकते तं हाच द्या," ड्रायव्हर भाऊ बशीतून चहा ओढत म्हणाले. "वाघालेही दुरून दिसन, बाई येऊन राह्यली म्हणून."

"दिसू द्या," जाऊ म्हणाली. "वाघ तरी चुप बसते भाऊ, तुमच्यासारखा बडबडत नाई."

तिनं चकचकीत पाना घेतला आणि पुढच्या उजव्या चाकाच्या नटाला लावला. तो नटावर डुलत होता. तोंडाच्या आतल्या कोपऱ्यांत मुलाम्याचे गोळे साचले होते, म्हणून तो पुरता बसतच नव्हता. तिनं जोर केला तसा तो सटकला आणि दांड्यावरची मुलाम्याची एक पापडी तिच्या तळहातात घुसली.

नवरा दोन पावलं पुढे आला आणि थांबला. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे भासरा भावसुनेशी समोरासमोर बोलत नाही, तिच्या हातातून वस्तू घेत नाही, तिच्या हातात देत नाही. गाडी शिकवणंही गेला महिनाभर असंच चाललं होतं. त्यानं मला सांगायचं, मी तिला सांगायचं, आणि ती माझ्या शेजारीच बसलेली.

"तिले सांग," तो मला म्हणाला, "चाक जमिनीवर आहे तोवरच नट ढिले करायचे. जॅक मंग लावायचा."

"आयकलं," जाऊ चाकाकडे बघत म्हणाली.

मी पापडी चिमट्यानं काढली, हात धुवून दिला, चिंधी बांधली. मग राखी पाना दिला. तोंड स्वच्छ, कडा गुळगुळीत, नटावर घट्ट. माझ्या मते निकाल लागला होता. पण नट हलेना. ती लाल झाली, ओठ चावले, तरी हलेना. नवऱ्यानं मात्र याच पान्यानं रोज नट खोलले होते.

त्यानं काळा पाना उचलला, तेलाच्या बोळ्यानं पुसला आणि तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. तिनं तो उचलला. दांडा राखीपेक्षा वीतभर लांब होता. नटावर बसवून ती त्यावर अर्ध्या अंगानं रेलली. नट करकरला आणि सुटला.

हा रकाना माझ्या यादीत नव्हता. चमक, गंज, तोंड, कडा सगळं मी पाहिलं होतं, पण दांडा कुणाच्या अंगासाठी, हे पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे वाढवला. काळा पाना, त्याच्या दांड्याला पिवळा रंग, सोबत तेलाचा बोळा. पाचोळ्यात दिसेल आणि गंजणार नाही. राखी पाना गॅरेजमध्येच राहील.

पुढची दोन्ही चाकं तिनं खोलली आणि बसवली. मागचं उजवंही. ड्रायव्हर भाऊंनी चहा संपवला होता, पण ते गेले नव्हते.

दुपार होत आली आणि मागच्या डाव्या चाकाचा एक नट अडला. तिनं दोनदा अंग टाकलं. नवरा मला म्हणाला, "तिले म्हण, हा मी ढिला करून देतो, मालकाले का समजते?"

या वेळी तिनं माझ्यामार्फत उत्तर दिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, नजर खालीच ठेवली आणि त्यालाच सरळ म्हणाली, "नका करू, भाऊजी. जंगलात तुमी कुठी असान?"

नवरा बाजूला झाला. तिनं त्या नटावर डिझेल सोडलं आणि ते मुरायची वाट बघत चाकाशेजारी मांडी घालून बसली. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मालक आला होता, आणि मागचं डावं चाक अजून खोलायचं होतं.