गळका हेडफोन

"साहेब, ह्याच्यात मी किती हाय, तेवढं सांगा."

गडब गावचे जनार्दनबुवा माझ्या बाहेरच्या खोलीत बसून टेबलावरच्या डॅटकडे बोट दाखवत होते. डॅट म्हणजे पत्त्यांच्या जोडापेक्षाही लहान अशी डिजिटल कॅसेट. नव्वदच्या दशकात स्टुडिओतलं पक्कं रेकॉर्डिंग तिच्यावर ठेवत आणि तिला मास्टर म्हणत. या मास्टरवर बुवांच्या मंडळाची भजनं होती. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने ती गणपतीच्या आधी बाजारात आणायची ठरवली होती.

माझं काम मास्टर ऐकण्याचं. पूर्वी मी मुंबईच्या स्टुडिओत साऊंड रेकॉर्डिस्ट होतो. वडिलांचं आजारपण निघालं, तेव्हा पेणला परत आलो आणि रामवाडीतल्या घरातूनच हे काम करू लागलो. कंपनी मास्टर पाठवायची. कुठे खरखर आहे, कुठे जोड कळतोय, कुठे एखादा आवाज दबलाय, ते मी ऐकून सांगायचो. मी ओके दिल्याशिवाय कॅसेटच्या प्रती निघत नसत. मंडळी म्हणायची, प्रधानांना घरबसल्या भजनं ऐकायचा पगार मिळतो. त्यांना कोण समजावणार!

"बुवा, म्हणजे काय? तुम्हीच तर गायलाय," मी म्हटलं.

"गायलोय. पण वरचा सूर लावताना मला घशात काय जाणवलंच नाय. आणि टेपात सूर तर झ्याक लागलाय. मग तो लावला कुणी?"

शेजारी त्यांची बायको, सुमनवहिनी, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती खाली बघत राहिली.

बुवांचा आवाज तेव्हा घोगरा झाला होता. मला वाटलं, गाऊन गाऊन बसला असेल. खरं कारण त्यांनीच सांगितलं. स्वरयंत्रात गाठ होती. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायलाच हवं म्हणून सांगितलं होतं. गणपती झाले की ऑपरेशन.

"नंतर बोलायला पण येणार नाय मला. घरात माझी म्हणून एवढीच टेप राहणार. तिच्यात मी नसंन, तर आताच सांगा. आजून थोडा गळा हाय."

मी चार दिवसांनी या म्हणालो आणि ती दोघं एसटी पकडायला गेली. माझ्या कंपनीच्या कामात हा प्रश्न बसत नव्हता. मास्टरमध्ये दोष असा काहीच नव्हता. फोनवर ओके सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्या माणसाचा प्रश्न डोक्यातून जाईना.

मी टेप पुन्हा लावली. माझ्याकडे कंपनीने दिलेला क्लोज्ड-बॅक हेडफोन होता. त्याच्या वाट्या मागून बंद असतात. कानावर बसल्या की बाहेरचं काही आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. स्टुडिओत गायकाला असाच हेडफोन देतात, नाहीतर त्यातला ठेका पुन्हा माइकमध्ये शिरतो. पण तपासून ऐकायला त्याची एक अडचण असते. बंद वाटीत आवाज आतल्या आत घुमतो. मृदंगाची धुम जरा जास्तच येते आणि बाकीचे आवाज तिच्याखाली एकमेकांना चिकटतात. वरच्या सुरांपाशी मला काहीतरी सरकल्यासारखं वाटत होतं, पण काय सरकतंय ते हाती लागेना. स्पीकरवर ऐकावं, तर आमची खोली सगळी प्लास्टरची, आवाज चारही भिंतींवरून परत यायचा.

माझ्या मनात ओपन-बॅक हेडफोन घ्यायचं कधीपासून होतं. त्याच्या वाटीला मागून जाळी असते. हवा खेळती राहते, आवाज घुमत नाही. कोण वाजवणारा कुठे बसलाय, पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे, हे नीट कळतं. दुसऱ्या दिवशी मी मुंबई गाठली.

दुकानातला सेल्समन ओळखीचा होता. त्याने तीन ओपन-बॅक पुढे ठेवले आणि वर सल्लाही दिला.

"साहेब, घरी नेऊन पस्तावाल. बाहेरचं सगळं ऐकू येतं. आणि आतलं बाहेर गळतं. लोक परत आणून देतात."

"गळू दे. मला जोडून दे तिन्ही."

हेडफोन पारखायला लोक आपलं आवडतं गाणं नेतात. ते मला पटत नाही. आवडतं गाणं कशावरही बरं वाटतं. मी आमच्या हिच्या बोलण्याची टेप नेतो. शैला स्वयंपाकघरातून मला वाणसामान सांगते आहे, असं साधं रेकॉर्डिंग. हा आवाज मी रोज ऐकतो, त्यात काय कमी झालं आणि काय वाढलं, ते मला क्षणात कळतं. पहिल्या हेडफोनमध्ये ती फारच गोड बोलत होती. तो मी लगेच बाजूला ठेवला. दुसऱ्यात तिला सर्दी झाली होती. तिसरा लावला आणि "तूरडाळ विसरू नका" हे इतकं खरं ऐकू आलं, की मी नकळत मागे वळून पाहिलं. तोच घेतला. घरी आल्यावर हा किस्सा सांगितला, तेव्हा पहिलाच का नाही आणला म्हणून मला ऐकून घ्यावं लागलं.

घरी आल्यावर सेल्समनचं म्हणणं पटलं. हायवेवरचा प्रत्येक ट्रक आता माझ्या भजनात शिरत होता. त्यातून शेजारी हरीभाऊंचा गणपतीचा कारखाना. रंगाच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर सकाळी सुरू झाला की घरघर थांबायची नाही. ऐन सीझनमध्ये त्यांना बंद करा म्हणणार तरी कसं? तरी गेलो.

"दुपारच्या वेळात ऐका ना," हरीभाऊ म्हणाले. "जेवणानंतर डोळ्यांची आखणी असते. तेव्हा मी कॉम्प्रेसर लावू देत नाही. ओल्या डोळ्यावर रंगाची धूळ बसली, की मूर्ती गेली."

डोळे लिहिताना तिथे कुणी बोलतसुद्धा नाही. तीच माझीही वेळ ठरली. मी मागच्या खोलीत, हायवेपासून लांब बसलो. तिकडे हरीभाऊ डोळे लिहीत होते, इकडे मी कान लावून होतो.

पहिल्याच भजनात उलगडा झाला. खालच्या सुरांत बुवांचा आवाज अगदी मध्ये येत होता, पेटीच्या मागून, जिथून यायला हवा तिथून. चाल वर चढली आणि आवाज उजवीकडे सरकला, जरा मागे गेला. चाल खाली आली, की पुन्हा मध्ये. पेटी वाजवत बसलेला माणूस दर वरच्या सुराला जागा कशी बदलेल? मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. बुवांचा श्वास संपलेला ऐकू येत होता, आणि सूर चालूच होता.

टेपसोबतच्या कागदावर कोण कुठे बसलं ते लिहिलेलं होतं. उजवीकडे बुवांना लागून नामदेव, त्यांचा धाकटा भाऊ.

तोच दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा. रोह्याच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट करून गाडीने थेट पेणला उतरला होता, युनिफॉर्मवरच. वहिनीने त्याला सांगितलं होतं, की बुवा माझ्याकडे येऊन गेलेत.

"साहेब, तुमाला कळलं असंल."

"कळलं."

"दादाला बोलू नका. पाया पडतो."

मग त्याने सगळं सांगितलं. भजनात बुवाला एकटं पडू द्यायचं नाही, ही त्यांच्या मंडळाची रीतच. बुवांनी ओळ सोडली की मंडळाने ती उचलायची, श्वास कमी पडला की मागून सूर धरून ठेवायचा. नामदेव लहानपणापासून दादाच्या कानाशी बसून गायलेला. आवाजाचा पोत तोच, हरकत तीच. दुखणं सुरू झालं तसा तो ओळ सुटायची वाट न बघता ओळीच्या आतच शिरायला लागला. आधी एखादा सूर, मग वरची सगळी जागा. गावात कुणाला कळलं नाही. मंडळाला कळलं होतं, पण कुणी बोललं नाही.

"दादा रेकॉर्डिंगला पडला असता तर? सगळ्या जिल्ह्यात टेप जाणार. लोक काय बोलले असते?"

"नामदेव, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण आता ते विचारतायत. महिन्याभराने, गळा गेल्यावर सांगून काय उपयोग?"

शैलाने चहा आणला, तो तसाच राहिला.

"मी त्याचा आवाज राखायला गेलो हो," तो शेवटी म्हणाला. मला त्याची फार दया आली. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच केलं असतं.

ठरल्या दिवशी बुवा एकटेच आले. मी त्यांच्या कानावर नवा हेडफोन चढवला, वरचा तुकडा लावला आणि बोटाने दाखवलं, हे तुम्ही, इथून नामदेव, इथे पुन्हा तुम्ही. त्यांनी एकदाच ऐकलं.

"येडा," ते म्हणाले. हेडफोन काढून हातात धरून बसले. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. "कंपनीची टेप हाय तशी जाऊ द्या. मंडळाची हाय ती. लोकांना ग्वाड लागंल. मला माझा येगळा घ्या. जसा हाय तसा."

मी दुपारची वेळ दिली, आखणीची. बुवा पेटी घेऊन आले, सोबत नामदेव मृदंग घेऊन. सुमनवहिनीला त्यांनी बाजारात पाठवून दिलं होतं. "तिनी माझा तवाचा गळा ऐकलाय. ह्यो नको," असं म्हणाले. मी एक माइक बुवांपुढे ठेवला आणि नामदेवला समोरच्या भिंतीशी बसवलं.

"तू नुसता ठेका धर," बुवांनी बजावलं. "तोंड उघडलंस तर बघ."

पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. मग चाल चढली आणि बुवांचा आवाज फाटला. सूर तुटला, नुसती हवा आली. समोर नामदेवचं तोंड उघडलेलं मी बघितलं. त्याने ओठ दाताखाली घट्ट दाबला आणि हात चालू ठेवला. बुवांनी श्वास घेतला, तोच सूर पुन्हा लावायला गेले, तो पुन्हा तुटला. ते थांबले नाहीत. अख्खं भजन त्यांनी तसंच नेलं. आवाजाच्या पातळीला मी हात लावला नाही, जसं आलं तसं टेपवर घेतलं.

संपल्यावर मी त्यांना ते लावून दाखवू लागलो, तर त्यांनी हात आडवा केला.

"नको आता. ठेवा तुमच्याकडंच. घरी नको. ही ऐकंल."

त्याच संध्याकाळी मी कंपनीला फोन करून मास्टर ओके सांगितला.

"इतके दिवस काय करत होता?" मॅनेजर तडकला. "प्रॉब्लेम काय होता?"

"प्रॉब्लेम नव्हता. ऐकत होतो."

कॅसेट निघाली. पेणच्या एसटी स्टँडसमोर गणपतीभर वाजत होती. बुवांचा आवाज काय लागलाय, असं लोक म्हणायचे. नंतर ऑपरेशन झालं.

भाताची कापणी उरकल्यावर बुवा पुन्हा आले, वहिनीला घेऊन. गळ्याला पांढरं फडकं बांधलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही कानांवर हात ठेवले. मग वहिनीकडे बोट करून मान हलवली. फक्त मला, हिला नको. वहिनी समजली, खुर्चीवर बसली.

मी टेप काढली, हेडफोन त्यांच्या कानावर नीट बसवला. बुवांनी डोळे मिटले. स्टुडिओतल्या बंद हेडफोनच्या सवयीने त्यांना वाटत होतं, की आता जे आहे ते त्यांच्या दोन कानांपुरतं आहे. भजन सुरू झालं. त्यांची बोटं गुडघ्यावर पेटीच्या पट्ट्या दाबू लागली.

जाळीतून बारीकसा आवाज खोलीत येत होता. वहिनीने चमकून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मी टेप थांबवली नाही. ती उठली, खुर्ची आवाज न करता सरकवली आणि बुवांच्या खांद्याजवळ कान नेऊन बसली.

चाल चढायला लागली. आता फाटणार, हे मला ठाऊक होतं. मी आवाजाचं बटण जरासं वर केलं.

सूर तुटला. वहिनीने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "ह्यो हाय. ह्यो हाय त्यांचा." मग भजन संपेपर्यंत ती तशीच बसली. बुवांनी डोळे उघडायच्या आधी खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

बुवा पुढे अधूनमधून यायचे, तीही यायची. दर वेळी ते खूण करायचे, हिला नको. दर वेळी मी मान डोलवायचो.

अजूनही कुणी ना कुणी मला विचारतं, घरी बारकाईने ऐकायला कोणता हेडफोन घेऊ? मी ओपन-बॅक सांगतो. ते म्हणतात, तो गळतो असं ऐकलंय. मी म्हणतो, गळतोच. घरी शेजारी कोण बसणार आहे, ते बघून घ्या.