नवऱ्याचं कौतुक

परक्यासमोर नवऱ्याला नावं ठेवायची नाहीत, हे मी माहेरहून शिकून आले होते. तोक्योत येऊनही ती शिस्त मोडली नव्हती. त्यामुळे नव्या डॉक्टरांनी जपून जपून इंग्रजीत विचारलं, "याआधी हे कसे होते?" तेव्हा मी नसलेला पदर खोचून सुरू झाले.

नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता. कित्येक आठवडे ऑफिस नाही, दाढी नाही, धड आंघोळ नाही. आधीच्या डॉक्टरांच्या नैराश्याच्या गोळ्यांनी काही फरक पडला नव्हता. आम्ही राहतो त्या निशी-कसाईतल्या मराठी मंडळींनी आपापली निदानं केलीच होती: घरची आठवण, थंडी, जपानी जेवण. एका काकूंनी साजूक तूप धाडलं. ते मीच संपवलं.

"हा असा नव्हताच हो," मी म्हणाले. "उन्हाळ्यात काय उत्साह होता! रात्र रात्र जागून काम करायचा. साहेबांनी सगळ्यांसमोर वाकून आभार मानले. गणपतीचं मखर, जेवण, नाटक, सगळं एकट्याने केलं. बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. एका दिवसात तीन सायकली आणल्या. आम्ही दोघंच आहोत, पण मन मोठं ना! स्वतःची कंपनी काढणार होता, योकोहामात जागासुद्धा बघून ठेवली होती."

डॉक्टर भराभर लिहून घेत होते. चला, कदर करणारं कोणीतरी भेटलं, म्हणून मला हुरूप आला.

"आणि झोप?"

"जवळजवळ नाहीच!" मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. या आजाराला दोन टोकं असतात, ते म्हणाले, आतापर्यंत एकावरच उपचार झाले. याला बायपोलर म्हणतात. औषधं बदलावी लागतील.

मला भयंकर राग आला. पडून राहणं आजार, हे कबूल. पण तो उन्हाळाही? मला तोच नवरा सगळ्यात आवडला होता.

"बरोबर आहे त्यांचं," शेजारून आवाज आला. कित्येक दिवसांनी तो आपणहून बोलला होता. "मला तेव्हाही थांबता येत नव्हतं गं."

पुढच्या गणपतीपर्यंत तो हळूहळू सावरला. कामावर जाऊ लागला. गणपतीच्या हॉलमध्ये मुकाट्याने खुर्च्या मांडल्या, प्रसाद वाटला. काकूंनी मला बाजूला घेतलं.

"अगं, गेल्या वर्षीची मजा नाही राहिली. त्या गोळ्या गणपतीपुरत्या बंद नाही का करता येणार?"

"नाही काकू," मी म्हणाले. "तुमच्याकडे तूप आहे का अजून?"

परतीच्या ट्रेनमध्ये त्याचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. तोंड उघडं, चक्क घोरत होता. समोरच्या बाई अवघडून दुसरीकडे बघू लागल्या. आमचं स्टेशन, निशी-कसाई, आलं. मी त्याला उठवलं नाही. पुढे उरायासुपर्यंत जाऊ, तिथून परत येऊ.